मशीनखालचा खण

स्टूल सरकलं तेव्हा बारकीच्या एका हातात मोठी अर्धगोल कानस होती आणि दुसरा हात भिंतीवरच्या हत्यारांच्या फळ्यावरच्या खिळ्याला होता, म्हणून ती पडली नाही. एक पाय हवेत लोंबकळला आणि पुढच्याच क्षणी ती जमिनीवर उभी होती, कानस छातीशी धरून, मुद्दामच उडी मारल्यासारखी. झालं ते एवढंच. पण समोर खुर्चीवर एक गवंडी बसला होता. सहा महिन्यांपूर्वी त्याचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला होता आणि नव्या पायाचं माप द्यायला तो आला होता. तो तिला सावरायला उठला. दोन्ही पायांवर उठावं तसा उठला. डावा पाय नाही हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही, आणि जिथे पाऊल टेकायचं तिथे काहीच नसल्यामुळे तो टेबलाच्या कडेवर आदळला, कोपर घासलं आणि धप्पकन परत खुर्चीत बसला. मग गवंडीच हसला. “ताई, तुमच्यापायी आज मी माझा पाय विसरलो,” तो म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर पुन्हा खो खो हसला. बारकीही हसली. त्याच्या कोपराला औषध लावलं, त्याच्या उरलेल्या पायाला प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या, पट्ट्या सुकेपर्यंत भिंती बांधण्याच्या त्याच्या गोष्टी ऐकल्या. तो कुबड्या टेकत फाटकाबाहेर गेला आणि मग ती त्याच्याच खुर्चीत जाऊन बसली.

तो पडला असता तर? नुकतीच भरलेली जखम फरशीवर आपटली असती तर? कारण काय, तर कृत्रिम पाय बनवणाऱ्या बाईचा हात कानशीपर्यंत पोचत नाही. असं कुठल्या कागदावर लिहिता आलं असतं? तिने स्टुलाकडे पाहिलं. हिरवं, गुळगुळीत, कडा गोल केलेलं. दोन महिन्यांपूर्वी निवृत्त होताना मास्तरांनी स्वतःच्या हातांनी ते बनवून दिलं होतं. “हे तुझ्यासाठी,” ते म्हणाले होते, “आता मी नसणार ना काढून द्यायला.” तेव्हा तिला भरून आलं होतं. इस्पितळाच्या मागच्या अंगाला असलेल्या ह्या लांबट खोलीत तिने अकरा वर्षं मास्तरांच्या हाताखाली काढली होती. मास्तर सहा फुटांच्या वर. खोलीतलं सगळं त्यांच्या मापाने घडलेलं. ओट्याची उंची त्यांच्या कमरेची, दिव्याचं बटण त्यांच्या खांद्याजवळ, आणि भिंतीवर तो फळा. मास्तरांनी स्वतः रंगवलेला. प्रत्येक हत्याराची पांढऱ्या रंगाने काढलेली बाह्यरेषा आणि त्या रेषेत ते हत्यार टांगलेलं. पाने, कानशी, पकडी, पट्ट्या. बाहेरचे लोक फळा बघून वाखाणायचे. त्याच्या पाच ओळींपैकी खालच्या दोन बारकीच्या हाताशी होत्या. तिसरी टाचा उंचावून. चौथी आणि पाचवी मास्तरांची. ते कधी विचारत नसत. तिचा हात वर जायच्या आधीच त्यांचा लांब हात तिच्या डोक्यावरून जायचा आणि पाहिजे ते हत्यार तिच्या तळव्यात यायचं. सुरुवातीला तिला वाटायचं, ही माया. पुढे वाटायचं, ही शिकवण, कारण आता कुठलं हत्यार लागणार हे मास्तरांना तिच्याआधी कळायचं. आणि त्यानंतर तिला काहीच वाटेनासं झालं होतं. हवेचं कुणाला काय वाटतं, तसं.

घरी पोचली तेव्हा नवरा चहाचं आधण ठेवत होता. साखरेचा डबा त्याने सवयीने वरच्या फळीवरून काढला, तिच्यापुढे ठेवला, तिने घेतल्यावर परत वर ठेवायला हात उचलला.

“तो खालीच राहू दे,” ती म्हणाली.

“का? मी आहे की.”

“तू आहेस म्हणूनच.”

“म्हणजे?”

म्हणजे काय ते तिलाही नीट सांगता येईना. तिने चहा ढवळला. त्याने डबा हातात धरून थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं, मग तो शेगडीशेजारी ठेवला आणि बाहेर जाऊन बसला. तो रागावला नव्हता, गोंधळला होता. तिला एकदम आठवलं की लहानपणी घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यातलं सगळं थोरली बहीण काढून द्यायची. फ्रॉक, वह्या, रिबिनी. आणि देताना एकदा तरी हात उंच धरायची. “मागितल्याशिवाय नाही मिळणार, बारके.” मग उड्या. मग हसू. खेळच तो, रडण्यासारखं त्यात काही नव्हतं. शाळेत रांगेत पहिला नंबर ठरलेला, फोटोत पुढे मांडी घालून बसणं ठरलेलं. तिने कधी तक्रार केली नाही, कारण तक्रार करावी असं कुणी काही केलंच नव्हतं. सगळे प्रेमानेच देत आले होते, वरून.

फक्त एकदा ते बोचलं होतं. चार वर्षांपूर्वी मास्तर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तीन दिवस रजेवर होते आणि एक म्हातारी आली होती. तिच्या पायाचा बोल्ट ढिला झाला होता. काम दोन मिनिटांचं. पण लागणारा पाना पाचव्या ओळीत, आणि स्टूल तेव्हा नव्हतं. बारकीने खुर्ची ओढून पाहिली तर खुर्चीची चाकं फिरायला लागली. शेवटी तिने म्हातारीबरोबर आलेल्या तिच्या मुलाला सांगितलं, “तेवढा पाना काढून देता का?” त्याने दिला. देताना एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. वाईट नजर नव्हती ती. नुसता हिशेब होता त्या नजरेत, की हिला एवढंही पोचत नाही तर आईचा पाय हिच्या भरवशावर? बारकीने बोल्ट इतका चोख बसवला की म्हातारी चार वर्षांत परत आली नाही. पण ती नजर राहिली. कुणाला सांगितली नाही तिने ती. आज गवंड्याचं कोपर टेबलावर आदळल्याचा आवाज कानात होता आणि त्याच्या मागून ती नजर वर येत होती. चहा निवून गेला. कप विसळेपर्यंत तिचं ठरलं होतं. फळा खाली घ्यायचा नाही, कारण फळा खाली घेतला तरी तो मास्तरांचाच, नुसता खाली आलेला. तिला दुसरं काहीतरी हवं होतं.

खोलीच्या मधोमध घासायचं मशीन होतं. पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो ते प्लॅस्टिकचं सॉकेट आधी भट्टीत तापवून साच्यावर ओढायचं आणि मग ह्या मशीनवर घासून त्याची कड गुळगुळीत करायची. दिवसातला निम्मा वेळ ती इथेच उभी असायची. मशीनची बैठक जाड पत्र्याची, आतून पोकळ, समोरून उघडी. अकरा वर्षांत त्या पोकळीत काय आहे हे तिने कधी वाकून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं. तुटके पट्टे, प्लास्टरची अर्धी गोणी, गंजलेले बोल्ट, कुणाचातरी एकच बूट. सगळं उपसलं, ओल्या फडक्याने पुसलं, आणि आत हात घालून बसली. गार, रिकामी, तिच्या एकटीची जागा. मग ती उठून मशीनसमोर रोज उभी राहते तशी उभी राहिली, डोळे मिटले आणि उजवा हात नुसता सोडून दिला. जिथे तळवा आला तिथे डाव्या हाताने पेन्सिलीची खूण केली. पोकळीच्या वरच्या कडेपासून बरोबर चार बोटं खाली. एवढ्या वर्षांत शेकडो माणसांची मापं घेतली होती तिने. मांडीचं, पोटरीचं, घोट्याचं, टाचेचं. स्वतःचं माप घ्यायची ही पहिलीच वेळ, आणि ते किती सोपं होतं ह्याचं तिला हसू आलं.

खण करणं तेवढं सोपं नव्हतं. लाकूडकाम तिला येत होतं ते मास्तरांचं बघून. तिने पोकळीच्या तोंडाचं माप घेतलं, प्लाय कापला, कोपरे गुण्याने काटकोनात तपासले, खोका ठोकला, आणि खोका अर्ध्यात जाऊन अडकला. आत मागच्या बाजूला मोटारीच्या बोल्टांची डोकी बाहेर आलेली होती. तोंडाचं माप बरोबर, पोटाचं घेतलंच नव्हतं. सॉकेट करताना ही चूक तिच्या हातून कधी झाली नसती. उरलेला पाय वर रुंद, खाली अरुंद, एकीकडे हाड, एकीकडे मऊ, हे पाहिल्याशिवाय ती हातात पट्टी धरत नसे. स्वतःच्या कामाला मात्र ती घाईने भिडली होती, कुणी बघायच्या आत उरकावं तशी. खोका तिने बाहेर काढला, मोडला, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नव्याने सुरुवात केली. ह्या वेळी बैठकीला पेशंट समजून. वर मोजलं, मध्ये मोजलं, तळाशी मोजलं. उजवीकडे आणि डावीकडे उंचीत सात मिलिमीटरचा फरक निघाला. पुन्हा मोजलं, तरी सात. पत्रा वाकलेला नव्हता, सबंध मशीनच किंचित एका अंगाला कललेलं होतं. ती फरशीवर आडवी झाली, गाल फरशीला लावून तिने एका डोळ्याने पाहिलं. फरशीलाच ढाळ होता, प्लास्टरचं पाणी मोरीकडे जावं म्हणून दिलेला, आणि बैठकीच्या एका कोपऱ्याखाली लोखंडाची एक चकती सारलेली होती. एकच. जिथे दोन लागत होत्या.

तिने बैठक तशीच ठेवली आणि खण तिच्या आत सरळ बसवला. सरकायच्या पट्ट्या लेव्हल लावून घट्ट केल्या, त्यामुळे दर्शनी फळी बैठकीच्या कडेशी एका बाजूला जराशी तिरपी दिसू लागली. दिसू दे. तिने हत्यारं आत ठेवून मशीन चालू केलं तर आत नुसता खडखडाट, आणि दोन मिनिटांत खण आपोआप बोटभर बाहेर आलेला. कुणी आतून ढकलतंय असा. तिने मशीन बंद केलं, विचार केला. मग पट्ट्यांना मागच्या बाजूला केसभर उतार दिला, म्हणजे खण आपल्या वजनाने आत राहील. आणि तळाला फोम घातला. सॉकेटच्या आतून, कातडीला काचू नये म्हणून, लावतात तोच मऊ फोम. त्याचे तुकडे कोपऱ्यात पोत्याने पडलेले होते. त्यात एकेका हत्याराची जागा धारदार सुरीने कापली. रोज लागणारं पुढे, क्वचित लागणारं मागे. मास्तरांच्या फळ्यावर लहान ते मोठं अशी ओळ होती, बघायला देखणी. तिची मांडणी बघायला ओबडधोबड होती. कानस, तिच्याशेजारी छोटी पक्कड, मग पट्टी, मग मोठा पाना. कारण काम त्याच क्रमाने चालायचं. तिने मशीन पुन्हा चालू केलं. मशीनचा घुमणारा आवाज तेवढा आला. खण जागचा हलला नाही. तिने वाकून खणावर तळहात ठेवला. कंप बोटांतून मनगटापर्यंत आला आणि तिथे थांबला, आणि तिला इतकं बरं वाटलं की कुणी नव्हतं तरी ती इकडेतिकडे बघून लाजली.

राहता राहिला फळा. त्यावर आता नुसत्या पांढऱ्या रेषा होत्या. दुसरा दिवस गुरुवार, आणि दर गुरुवारी अकराच्या ठोक्याला मास्तर यायचे. खुर्ची टाकून बसायचे, पेशंटला दोन शब्द सांगायचे, बारकीला चार सांगायचे. दोन महिन्यांत एकही गुरुवार चुकला नव्हता. तिने तीन-चार मोठी हत्यारं परत फळ्यावर टांगून पाहिली. मास्तरांना बरं वाटेल तेवढीच. मग दारात जाऊन, मास्तर जिथून बघतील तिथून पाहिलं, आणि ते दृश्य तिला खोटं वाटलं. तिने हत्यारं काढली आणि खणात ठेवली.

मास्तर आले. दारातच थांबले. फळ्याकडे बघत चपला काढल्या, एक चप्पल काढायची राहिली तरी कळलं नाही त्यांना.

“चोरी झाली की काय?”

“नाही मास्तर. खाली आलीत सगळी.”

“खाली?”

तिने खण ओढून दाखवला. मास्तरांनी वाकून बघायचा प्रयत्न केला, पण पाठ अर्ध्यातच थांबली. खुर्ची ओढून ते मशीनसमोर बसले. खण आत ढकलला, बाहेर ओढला, पुन्हा ढकलला. बोटाने फोम दाबला. कोपऱ्याचे सांधे नखाने चाचपले. बारकी ओट्याला टेकून उभी होती. तिला वाटलं होतं छातीत धडधडेल, पण छाती शांत होती. सांधे चांगले होते. तिला ठाऊक होतं.

“दर्शनी फळी तिरपी आहे,” मास्तर म्हणाले.

“फळी सरळ आहे. मशीन कललंय. एका कोपऱ्याला चकती कमी आहे.”

मास्तरांनी मान वर केली नाही. “खोलीचं उद्घाटन होतं दुसऱ्या दिवशी,” ते हळूच म्हणाले. “दुसरी चकती मिळेना. म्हटलं, नंतर घालू. वीस वर्षं झाली.” मग एकदम उत्साहाने त्यांनी हात पुढे केला. “आण पाना. आता घालून टाकू. फळीपण सरळ दिसेल.”

“नको.”

“अगं, पाच मिनिटांचं काम.”

“मशीन हलवलं तर खण परत बसवावा लागेल, मास्तर. हात नका लावू त्याला. चालतंय ते.”

हात नका लावू, असं ती मास्तरांना कधी म्हणाली नव्हती. शब्द तोंडातून गेल्यावर तिला ते परत ऐकू आले आणि तरीही तिने ते मागे घेतले नाहीत. मास्तरांनी हात मांडीवर ठेवला. मोठा हात होता तो, पण आता कातडी सैल झालेली.

“मला सांगायचंस,” ते म्हणाले. “फळा खाली घेतला असता मी. एका दिवसात.”

“अकरा वर्षं रोज तुमच्यासमोर टाचा उंचावत होते.”

हे ती भांडायला म्हणाली नाही. माप सांगावं तसं म्हणाली. मास्तर फळ्यावरच्या रेषांकडे बघत राहिले. त्यांच्या मनात काय आलं असेल? की त्या रेषा रंगवताना ते चाळिशीचे होते, पाठ ताठ होती? की ही मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा तिला सगळं उचलून देताना त्यांना स्वतःविषयी फार चांगलं वाटायचं? बारकीला कळायला मार्ग नव्हता. ती फक्त त्यांची मान बघत होती, आणि पहिल्यांदाच तिला ती वरून दिसत होती.

“दिसायचं मला,” मास्तर शेवटी म्हणाले. “पण वाटायचं, मी देतोय ना.”

बाहेर कुबड्यांचा आवाज आला. गवंडी आला होता, आज त्याचा पाय पहिल्यांदा घालून बघायचा होता. बारकीने पायमोजा चढवला, सॉकेट बसवलं, त्याला दोन समांतर दांड्यांच्या मध्ये उभं केलं. गवंड्याने खाली पाहिलं. दोन बूट. त्याने उजव्या बुटाने डाव्याला हलकेच टोकरून पाहिलं. मग तो चालू लागला. चार पावलं गेला, चार आला. दर डाव्या पावलाला त्याची कंबर किंचित वर उचलली जात होती.

“पाऊल बाहेर वळव जरा,” खुर्चीतून मास्तर म्हणाले. “टाच अडतेय.”

बारकी खाली बसली, जमिनीला जवळजवळ टेकून, आणि गवंड्याला पुन्हा चालायला लावलं. तिथून तिला पाऊल दिसत होतं, गुडघा दिसत होता, कंबर दिसत होती. पाऊल ठीक होतं.

“पाऊल नाही मास्तर. पाय चार मिलिमीटर लांब झालाय.”

“मला नाही वाटत.”

“मला वाटतं,” ती म्हणाली आणि पाय काढून घेतला. हात खाली गेला, पाना आला. आतली नळी सोडवली, चार मिलिमीटर कापली, मशीनवर कड घासली, परत जोडली. गवंडी दुसऱ्या खुर्चीत बसून उत्सुकतेने बघत होता. मास्तरही बघत होते. तिच्या हातांकडे नाही, गवंड्याच्या कमरेकडे, कारण आता खरं-खोटं तिथेच कळणार होतं. गवंडी उठला. एक पाऊल, दुसरं. कंबर सरळ राहिली. दांड्यांच्या टोकाला आल्यावर तो वळलाच नाही. दांड्या सोडल्या आणि भिंतीपर्यंत चालत गेला, भिंतीवर दोन्ही तळवे ठेवले आणि तसाच उभा राहिला, कामावर असल्यासारखा.

“ह्या भिंतीला प्लास्टर कुणी केलंय?” त्याने विचारलं. “अगदीच गचाळ काम आहे.”

मास्तर हसले. पहिल्यांदा हसले त्या दिवशी. “चार मिलिमीटर,” ते म्हणाले, आणि मान हलवली, नाराजीने नाही.

गवंडी दुपारपर्यंत चालण्याचा सराव करत होता, इथून तिथे, फाटकापर्यंत, परत. मध्येच उन्हात उभा राहून त्याने कुणालातरी फोन लावला आणि पुष्कळ वेळ बोलत राहिला. मास्तर नेहमी असत त्यापेक्षा लवकर उठले. राहिलेली एक चप्पल पायातच होती, दुसरी त्यांनी सावकाश घातली. दारात हात टेकून ते थांबले.

“गुरुवारी येऊ ना?” त्यांनी विचारलं.

हे त्यांनी याआधी कधी विचारलं नव्हतं. बारकीच्या ओठांवर “हे काय विचारणं झालं, मास्तर” असं आलं होतं. अकरा वर्षांच्या सवयीने आलं होतं. तिने ते तिथेच थांबवलं. मास्तरांकडे पाहिलं. ते वाट बघत होते, खरंच वाट बघत होते, आणि त्यांना खोटं सांगणं तिला बरं वाटेना.

“या की,” ती म्हणाली. “पण अकराला नको. अकराला पेशंट असतात, माझं लक्ष दोन ठिकाणी जातं. चारला या.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. बारकीने नजर वळवली नाही.

“चारला,” ते म्हणाले. “चारला ऊन उतरलेलं असतं. बरं पडेल.”

मग ते निघाले, एका हाताने भिंतीचा आधार घेत, फाटकाशी गवंड्याला काहीतरी बोलले, गवंड्याने दोन पावलं चालून दाखवली, त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दिसेनासे झाले. बारकी पाणी प्यायली. उद्याच्या पेशंटचं सॉकेट ओट्यावर पडलेलं होतं, कड अजून खरखरीत. तिने ते उचललं आणि मशीन चालू केलं.